पुस्तक विकून बोटीचं भाडं जमवलं, पण शिक्षणाच्या मदतीपायी स्वतःचं मत विकलं नाही : पंडिता रमाबाईंची गोष्ट

आज एखाद्या मुलीला परदेशात जाऊन शिक्षणशास्त्रात पुढचं शिक्षण घ्यायचं असेल, तर पहिला प्रश्न येतो पैशाचा. मग शिष्यवृत्त्या शोधा, बँकेचं कर्ज बघा, ट्रस्टचे फॉर्म भरा, शिफारसपत्रं गोळा करा. एवढं करून पैसे मिळालेच, तर त्यासोबत अटीही येतात.

आता हीच गोष्ट 1883 सालात नेऊन बघा. वय 25. नवरा गेलेला, आई-वडील गेलेले, पदरात दोन वर्षांची मुलगी. बाईच्या हातात पुस्तक दिसलं तरी लोक नावं ठेवायचे असा तो काळ, आणि या बाईला इंग्लंडला जाऊन शिकायचं होतं.

ही बाई म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे मोठे पंडित. त्यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे रमाबाईंना. हे कुटुंब गावोगाव फिरून पुराणं सांगायचं आणि त्यावर पोट भरायचं. पुढे दुष्काळात उपासमार झाली आणि आई-वडील दोघंही गेले. रमाबाई आणि त्यांचे भाऊ श्रीनिवास पायी फिरत फिरत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या तरुण मुलीचं संस्कृत ऐकलं आणि तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या.

पण पदव्यांनी संसार सावरत नाही. 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी लग्न केलं. जात वेगळी, प्रांत वेगळा, त्यामुळे नातेवाईक तुटले. 1881 मध्ये मनोरमा झाली आणि 1882 च्या सुरुवातीला कॉलऱ्यानं नवरा गेला.

रमाबाई पुण्यात आल्या. तिथे त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. त्याच वर्षी सरकारनं नेमलेला हंटर आयोग शिक्षणाची पाहणी करत होता. त्याच्यापुढे रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींना शिकवायला बाईच शिक्षिका हवी, त्यासाठी बायकांना प्रशिक्षण द्या, शिष्यवृत्त्या द्या, चांगला पगार द्या, असा त्यांचा मुद्दा होता. बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हेही त्यांनी सांगितलं.

तेव्हा आपणच डॉक्टरी शिकून यावं असं त्यांच्या मनात आलं. पण पैसे कुठून आणणार?

रमाबाईंकडे विकण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे विद्या. त्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीधर्मनीति’ हे मराठी पुस्तक लिहिलं. त्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी इंग्लंडच्या प्रवासाचा पैसा उभा केला. एप्रिल 1883 मध्ये मनोरमाला कडेवर घेऊन त्या बोटीत बसल्या. सोबत आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण होती.

बोटीचं भाडं सुटलं, पण तिकडे राहायचं कुठे आणि खायचं काय? इंग्लंडमधल्या वाँटेज गावातल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठानं त्यांची सोय केली. या मठाचं काम पुण्यातही चालायचं आणि तिकडे येणाऱ्या जोगिणींना मराठी यायला हवं होतं. म्हणून रमाबाईंनी त्यांना मराठी शिकवायचं आणि त्या बदल्यात राहायचं-शिकायचं, असं ठरलं.

पण तिथे पोहोचल्यावर एकामागून एक धक्के बसले. आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. रमाबाईंना कानानं कमी ऐकू येत होतं, त्यामुळे डॉक्टरीचा विचार सोडावा लागला. सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि ती बातमी कळताच इकडे पुण्यात त्यांना मानणारे अनेक लोक दुखावले.

इथे रमाबाईंनी वाट बदलली. डॉक्टर नाही तर शिक्षिका. त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजमध्ये दाखल झाल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील या इंग्लंडमधल्या स्त्रीशिक्षणातलं मोठं नाव. रमाबाई तिथे गणित, विज्ञान आणि इंग्रजी शिकायच्या आणि संस्कृत शिकवायच्या.

खरी परीक्षा पुढे झाली. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, असा प्रश्न निघाला. भारतात काम करणाऱ्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतात परतल्यावर लोक नावं ठेवतील, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी हे ऐकून घेतलं नाही. भारतात आपण पुरुषांच्या सभांमध्ये भाषणं केली आहेत, तेव्हा इथे कुणाला शिकवायचं हे आपणच ठरवू, अशी त्यांची भूमिका होती. धर्माच्या बाबतीतही तेच. बाप्तिस्मा घेतला म्हणून चर्च सांगेल ते सगळं मान्य करायला त्या तयार नव्हत्या. ज्या जोगिणींच्या आधारावर त्या राहत होत्या, त्यांच्याशीच त्यांनी पत्रांमधून कडाक्याचा वाद घातला.

विचार करा, परक्या देशात लहान मुलीला घेऊन राहणारी विधवा आणि डोक्यावर छप्पर दुसऱ्याचं. गप्प बसली असती तर कुणी दोष दिला नसता. पण मदतीबद्दल कृतज्ञ राहायचं आणि मत मात्र आपलंच ठेवायचं, ही रेघ त्यांनी पुसू दिली नाही.

1886 मध्ये अमेरिकेतून बोलावणं आलं. रमाबाईंच्या दूरच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या महिला मेडिकल कॉलेजातून डॉक्टर होत होत्या. कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी रमाबाईंना पदवीदान समारंभाला बोलावलं. 11 मार्च 1886 ला तो समारंभ झाला. रमाबाई थोड्या दिवसांसाठी गेल्या होत्या, राहिल्या मात्र अडीच वर्षांहून जास्त.

कारण त्यांना हवं होतं ते तिथे सापडलं. फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाची बालवाडीची पद्धत तेव्हा अमेरिकेत जोरात होती. घोकंपट्टीऐवजी खेळातून, हातानं वस्तू करून शिकायचं. रमाबाईंनी फिलाडेल्फियात या पद्धतीच्या शिक्षिकांचं प्रशिक्षण घेतलं. आपल्याकडच्या विधवांना हे शिकवलं तर त्या स्वतः कमावत्या शिक्षिका होतील, असा त्यांचा हिशोब होता.

पैशासाठी पुन्हा पुस्तकच कामाला आलं. 1887 मध्ये ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हे त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं आणि हजारोंनी खपलं. त्यांनी गावोगाव भाषणं दिली. डिसेंबर 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. ठिकठिकाणी ‘रमाबाई सर्कल’ निघाली. सभासदांनी वर्षाला किमान एक डॉलर द्यायचा, सलग दहा वर्षं. एका श्रीमंत दात्याच्या मर्जीवर राहण्यापेक्षा खूप लोकांचे थोडे थोडे पैसे, आणि तेही ठरलेल्या मुदतीसाठी. शाळेत कुणावर धर्म लादायचा नाही, हेही आधीच ठरलं.

1889 मध्ये रमाबाई परतल्या आणि 11 मार्चला मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते पुण्यात हललं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळात होती. इथल्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी लग्न केलं आणि त्या आनंदीबाई कर्वे, म्हणजे सगळ्यांच्या ‘बाया कर्वे’ झाल्या.

पण त्याच 1893 मध्ये वाद पेटला. रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसतात, म्हणजे अट मोडली, असं सल्लागारांचं मत पडलं. आपण कुणाला बोलवत नाही आणि येणाऱ्याला अडवतही नाही, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. सल्लागारांनी राजीनामे दिले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. अमेरिकेतून येणारी मदत मात्र चालू राहिली, म्हणून सदन टिकलं. दहा वर्षं भरली तेव्हा, 1898 मध्ये, रमाबाई स्वतः अमेरिकेला गेल्या, हिशोब मांडला आणि नव्यानं मदत उभी केली.

दुष्काळात अनाथ झालेल्या मुली-बायकांसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या.

त्यांच्या धर्मांतरावर आणि 1893 च्या वादावर आजही दोन मतं आहेत आणि ती राहतील. पण ज्या बाईनं 1882 मध्ये सरकारपुढे बायकांच्या शिक्षक-प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मागितल्या होत्या, तिला स्वतःला तशी एकही तयार शिष्यवृत्ती मिळाली नाही. तिनं पुस्तकं लिहिली, शिकवण्या केल्या, डॉलर डॉलर गोळा केला. आणि त्या पैशातून शिकून आल्यावर दुसऱ्या मुलींना ती वणवण करावी लागू नये, म्हणून राहण्या-जेवणासकट शाळा काढली.