शहराला जिंकून देणारे बाळू

‘लगान’मधला कचरा आठवतोय ना? तो पडद्यावरचा. पालवणकर बाळू मात्र खरेखुरे. आणि त्यांची मुंबईही आपल्या बजाजनगरसारखीच, पोटासाठी गाव सोडून आलेल्यांची.

बाळूंचा जन्म 1876चा, धारवाडचा. कुटुंब मूळ कोकणातल्या पालवणचं, चर्मकार समाजातलं. पुण्यात वाढलेले बाळू पूना क्लबमध्ये महिना 4 रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, नेट लावायचं आणि साहेबांना बॉलिंग टाकायची. बॅट मात्र कुणी हातात दिली नाही. पण कॅप्टन ग्रेगसारख्या पट्टीच्या बॅट्समनला तासन् तास बॉल टाकून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली.

गोऱ्यांना हरवायचं तर हा बॉलर हवाच, हे पुण्यातल्या हिंदू टीमला कळलं. त्यांनी बाळूंना घेतलं. मैदानात सगळे सोबत, चहाच्या वेळी मात्र बाळू पॅव्हेलियनच्या बाहेर. त्यांच्यासाठी वेगळं मातीचं भांडं.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसं मरत होती, गिरण्यांतले कामगार जीव मुठीत धरून गावाकडे पळत होते. साधारण त्याच काळात बाळू मुंबईत आले, पुढे रेल्वेच्या टीमकडून खेळले. हिंदू जिमखान्याने त्यांना घेतलं आणि इथे ते बाकीच्यांसोबत जेवायलाही बसू लागले.

मग आला फेब्रुवारी 1906. प्लेगने खिळखिळ्या झालेल्या याच शहरात हिंदू टीमने युरोपियनांना 109 धावांनी हरवलं. बाळूंनी मॅचमध्ये 8 विकेट काढल्या. नुकतंच जपानने रशियाला हरवलं होतं. लोकांनी थेट त्याच विजयाशी तुलना केली. राज्य करणाऱ्यांना हरवता येतं, हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं. शिवाय जात बाजूला ठेवली तर काय होतं, याचीही चर्चा पेपरांत झाली.

1911च्या इंग्लंड दौऱ्यात टीम बहुतेक मॅच हरली, पण बाळूंनी 114 विकेट घेतल्या. तरी कॅप्टनपद? ते कधीच मिळालं नाही. 1920 मध्ये तर त्यांना टीममधूनच वगळलं. धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम निषेध म्हणून बाहेर पडले. वाद पेटला आणि बाळू उपकर्णधार म्हणून परतले. 1923 मध्ये विठ्ठल कॅप्टन झाले, आणि जिंकले.

पुढे बाळू राजकारणात आले. 1932च्या पुणे कराराच्या वाटाघाटींत ते होते. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांविरुद्ध निवडणूक लढले आणि हरले. 1955 मध्ये मुंबईतच गेले.

टीम जिंकली की सगळं शहर ‘आपण जिंकलो’ म्हणतं. बाळूंच्या बाबतीत त्या ‘आपण’मध्ये विकेट लगेच मोजल्या गेल्या, माणूस मोजायला मात्र बरीच वर्षं लागली. वाळूजच्या मैदानावर उद्या एखादी टीम उभी राहील, तेव्हा रोलर ओढणाऱ्या पोरालाही एकदा बॉल देऊन बघायला हवा. बॅटसुद्धा.