पंधरा माणसांचं दळण आणि गंगाखेडची जनी

परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे गोदावरीकाठचं गाव. या गावाची ओळख सांगताना सगळ्यात आधी नाव येतं ते संत जनाबाईंचं. आणि जनाबाई म्हटलं की डोळ्यांपुढे येतं जातं, अन् जात्याच्या पलीकडे बसून खुंट्याला हात लावणारा विठोबा. हे चित्र इतकं ओळखीचं झालंय की जनी दळत होती म्हणजे नेमकं किती आणि कुणासाठी दळत होती, हा साधा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

जनाबाईचा काळ तेराव्या शतकाचा शेवट आणि चौदाव्याचा पूर्वार्ध. वडिलांचं नाव दमा, आईचं करुंड. शूद्र मानल्या गेलेल्या जातीतलं हे गरीब विठ्ठलभक्त जोडपं. आई लवकर गेली आणि लहानग्या जनीला पंढरपूरला दामाशेटी शिंप्यांच्या घरी ठेवण्यात आलं. गंगाखेड ते पंढरपूर हे अंतर सरळ रेषेत मोजलं तरी दोनशे किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि तेव्हाचा प्रवास पायी. काही कथांत वडील तिला सोडून गेले असं आहे, तर काहींत वारीला आलेली पोर स्वतःच परत जायला तयार झाली नाही असं. कथा कुठलीही घ्या, त्या घरात ती आली ती कामाला राहणारी मुलगी म्हणून. दामाशेटींचा मुलगा म्हणजे संत नामदेव. जनी स्वतःला आयुष्यभर नामयाची दासी म्हणवत राहिली. आज हे आपल्याला नम्रतेचं वाटतं. तिच्यासाठी ते आधी घरातल्या जागेचं नाव होतं, भक्तीचा अर्थ त्यात नंतर मिसळला.

आता घर मोजू. तिच्या नावावरच्या एका अभंगात या घराची अक्षरशः शिरगणती आहे. दामाशेटी आणि गोणाई हे सासू-सासरे, नामदेव आणि राजाई, नारा, विठा, गोंदा आणि महादा हे चार मुलगे, लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या त्यांच्या चार बायका, लेक लिंबाई, नामदेवांची बहीण आऊबाई. झाले चौदा. पंधरावी स्वतः जनी, आणि तिनं आपलं नाव सगळ्यात शेवटी घातलंय.

ही सगळी माणसं एकाच वेळी एका छपराखाली होतीच असं नाही. पण घर भरलेलं असताना माणशी रोज अर्धा किलो पीठ धरलं तरी सात-साडेसात किलो दळण होतं. हाताच्या जात्यावर ते दोन-तीन तासांच्या आत उरकत नाही. पीठ फार दिवस टिकत नाही, म्हणून दळण रोजचं. भाकरी सकाळी लागते, म्हणून ते पहाटे. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्यानं जात्याच्या तोंडात मूठभर दाणे टाकायचे. दगड गुळगुळीत झाला की पाथरवटाकडून टाकी लावून घ्यायची, नाहीतर पीठ जाडंभरडं पडतं. म्हणूनच जातं ओढायला समोर दुसरी बाई असली तर बरं. जनीसमोर ती दुसरी बाई नव्हती, तिथे विठोबा येऊन बसला.

दळण हे फक्त पहिलं काम. तिच्या अभंगांत पुढची कामं एकामागून एक येतात: उखळात कांडण, झाडलोट, सडा, पाणी भरणं, धुणं, शेण गोळा करून गोवऱ्या थापणं. प्रत्येक ठिकाणी देव हाताशी आहे. ती झाडते आणि तो केराची पाटी उचलतो, ती न्हाते तर तो तिच्या डोक्याला तेल लावून केस विंचरतो. भक्तीचा महिमा म्हणून हे सांगितलं जातं, आणि ते बरोबरच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जिला घरात कुणी मदतीला नाही आणि न्हाऊ घालायला आई नाही, ती बाई देवाकडे काय मागते? मोक्ष नंतर. आधी केस विंचरायला एक हात.

शिवाय हे घर काही भरल्या कणगीचं नव्हतं. नामदेवांचं लक्ष शिवणकामात कमी आणि कीर्तनात जास्त. ज्ञानेश्वरांसोबत तीर्थयात्रा झाली, पुढे पंजाबपर्यंत जाणं झालं. घरात दाणा नाही, यावरून गोणाई आणि राजाई यांनी घातलेला वाद नामदेवांच्या गाथेतच सापडतो. जे काही असेल ते पुरवून वापरायची जबाबदारी अर्थातच बायकांवर. (त्या स्वयंपाकघरात मिरचीही नव्हती बरं का, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. बटाटा, टोमॅटो तर दूरच.)

गोवऱ्यांची कथा तर प्रसिद्धच आहे. कबीर जनाबाईला भेटायला आले तेव्हा ती दुसऱ्या बाईशी गोवऱ्यांवरून भांडत होती म्हणे. गोवऱ्या सारख्याच दिसतात, मग हिच्या कोणत्या ते ओळखायचं कसं? तर कानाला लावायच्या, ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू येईल त्या जनीच्या. इतिहास म्हणून हे टिकत नाही, कारण कबीर पंधराव्या शतकातले आणि परंपरेनुसार जनाबाईचं निधन 1350 चं. तरी कथेतलं भांडण मात्र अगदी खरं वाटतं. गोवरी म्हणजे चुलीचं जळण. पावसाळ्यात शेण वाळत नाही, त्यामुळे चार महिन्यांच्या गोवऱ्या आधीच थापून, वाळवून, रचून ठेवाव्या लागत. त्या कुणी उचलून नेल्या तर चूल पेटायची कशी?

दुसरी कथा जास्त बोचरी आहे. विठोबा रात्री जनीकडे आला आणि पहाटे घाईत आपला शेला समजून तिची वाकळ पांघरून गेला. गळ्यातलं पदक मागे राहिलं. देवळात पदक दिसेना म्हटल्यावर संशय थेट जनीवर आला. तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. चमत्कार बाजूला ठेवला तरी चोरीचा आळ घ्यायला पहिली सापडली ती घरकाम करणारी बाई, हे कथेनं लपवलेलं नाही.

अशा आयुष्यातून सुमारे साडेतीनशे अभंग तिच्या नावावर आहेत. लिहायला निवांत वेळ तिला कधी मिळाला असेल असं वाटत नाही. पण जात्यावर बसलेल्या बाईचे हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं, आणि दगडाच्या फेऱ्याला स्वतःची लय असते. त्या अभंगांत नुसती शरणागती आहे असंही नाही. रागावली की ती विठोबाला सरळ शिव्या घालते. एका अभंगात पदर खांद्यावर टाकून, टाळ-वीणा घेऊन भर बाजारात जाण्याची भाषा करते. तेव्हाच्या बाईनं असं म्हणणं किती धाडसाचं होतं, हे वेगळं सांगायला नको. कोणत्या संताचे अभंग कुणी लिहून घेतले याची यादीही तिच्या नावावर आहे. त्यात चोखोबांचा लेखक अनंतभट्ट, आणि स्वतः जनीचा लेखक पांडुरंग.

थालीपाक नावाचं आख्यानही तिचं मानलं जातं. वनवासात द्रौपदीची थाळी रिकामी झाल्यावर दुर्वास ऋषी शिष्यांसह जेवायला येतात, ती गोष्ट. घरात काही शिल्लक नाही आणि दारात पंगत उभी, ही धास्ती जनीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

नामदेवांच्या कुटुंबाबरोबर तिनंही महाद्वारात समाधी घेतली असं परंपरा सांगते. तीच आजची नामदेव पायरी. पंढरपूरजवळ गोपाळपूरला तिचं जातं दाखवतात. गंगाखेडला तिचं मंदिर आहे.

विसाव्या शतकात गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरातली जाती कोपऱ्यात गेली. त्याआधीच्या ओव्या विरून जाऊ नयेत म्हणून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या गाणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळा पाहिली नव्हती. पण जनीच्या दळणाला विठोबा आला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.