चौदाशे वर्षांचे चांगदेव



मागच्या महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेत गेलो होतो. तिथे गुरुजींनी मार्कंडेय ऋषींची गोष्ट सांगितली. त्यांचे आयुष्य फक्त १६ वर्षांचे होते, पण यम रिकाम्या हाताने परत गेला. मी विचारले की असे अजून कोणी होते का. तेव्हा गुरुजींनी चांगदेवांचे नाव सांगितले.

चांगदेव तापी नदीच्या काठी राहत. जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा नद्यांचा संगम आहे. तिथे चांगदेव नावाचेच गाव आहे आणि त्यांचे जुने दगडी मंदिरही आहे.

चांगदेव १४०० वर्षे जगले असे लोक सांगतात. शंभर वर्षे भरली की मरण दारात येई. मग चांगदेव प्राणायाम करून आपला प्राण डोक्यात चढवून ठेवत आणि समाधी लावून बसत. मरणाला काहीच सापडत नसे, म्हणून ते परत जाई. असे १४ वेळा झाले. मी नदीत डोके बुडवून श्वास धरून पाहिला, तर पंचवीस आकडेसुद्धा झाले नाहीत! चीन देशातही ताओ पंथाचे साधू श्वासाचे आणि सावकाश हालचालींचे व्यायाम करून आयुष्य वाढवायला बघत, असे गुरुजी म्हणाले. पण पक्की नोंद असलेले सर्वात मोठे आयुष्य फ्रान्स देशातल्या जान काल्मां या बाईंचे आहे. त्या १२२ वर्षे जगल्या आणि १९९७ साली वारल्या. मग १४०० कसे? काही अभ्यासकांना वाटते की चांगदेव नावाचे एकामागून एक पुष्कळ योगी झाले असतील. मला हे पटते.

चांगदेवांच्या कानावर ज्ञानेश्वरांची कीर्ती गेली. त्यांनी पत्र लिहायला घेतले. पण वर काय लिहावे? ज्ञानेश्वर वयाने लहान, म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ते ज्ञानाने मोठे. शेवटी चांगदेवांनी कोराच कागद पाठवला. तो पाहून धाकटी मुक्ताबाई म्हणाली की इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी उत्तरात ६५ ओव्या लिहिल्या. तीच चांगदेव पासष्टी.

मग चांगदेव स्वतःच भेटायला निघाले. ते वाघावर बसले आणि हातात सापाचा चाबूक घेतला. आमच्या इकडे वाघ ही गोष्टीतली वस्तू नाही. वाघ दिसला की त्या बाजूला मोहफुले वेचायला कोणी जात नाही. म्हणून आमचा पूर्ण वर्ग इथे चूप झाला. ती चार भावंडे तेव्हा भिंतीवर बसली होती. ज्ञानेश्वरांनी ती भिंतच चालवली आणि चांगदेवांना सामोरे गेले. हे पत्रकही भिंतीवरच आहे, पण आमची भिंत काही चालत नाही. चांगदेव वाघावरून उतरले आणि पाया पडले. पुढे त्यांनी मुक्ताबाईला गुरू केले. मुक्ताबाईचा जन्म १२७९ चा आणि ज्ञानेश्वरांची समाधी १२९६ ची. म्हणजे तेव्हा ती सोळा-सतरा वर्षांची असेल, माझ्या ताईएवढी.

चांगदेवांची समाधी गोदावरीच्या काठी पुणतांब्याला आहे.

ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली. माझी आजी शाळेत गेली नाही. रेशनच्या दुकानात ती अंगठा लावते, बँकेतही अंगठाच. मी तिला कितीदा म्हटले की मी शिकवते. ती म्हणे की नातीच्या हाताखाली बसायला लाज वाटते, आता जायचे दिवस आले, शिकून काय करू. मुक्ताबाईचे ऐकल्यावर ती खूप वेळ काही बोलली नाही. तिने दोनदा विचारले की तो म्हातारा खरेच त्या पोरीपुढे बसला का. मी हो म्हटले. रात्री जेवण झाल्यावर तिने माझी पाटी मागितली.

आता आजीला तिच्या नावातली दोन अक्षरे येतात. तिसरे जोडाक्षर आहे, ते अजून बसत नाही. हात थरथरतो म्हणून ती पाटी मांडीवर घट्ट धरते. पालक सभेला आजी येणार आहे. गुरुजी, रजिस्टरवर तिची पाळी आली की शाईचा पॅड पुढे करू नका. तिला थोडा वेळ लागेल.

इयत्ता ४ थी