हेन्री कॅव्हेंडिश

हेन्री कॅव्हेंडिश हे अठराव्या शतकातील एक थोर इंग्रज शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ रोजी नीस येथे एका उमराव घराण्यात झाला. विपुल संपत्ती लाभूनही ते साधेपणाने राहत. स्वभावाने ते अतिशय लाजाळू होते. प्रयोगशाळेतच त्यांचे मन रमे.

१७५९ साली रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे विद्वानांनी पारा गोठविला. त्या वेळी तापमापकातील पारा शून्याखाली शेकडो अंश उतरला. पारा गोठण्यास एवढी भयंकर थंडी लागते, असा समज त्यामुळे पसरला. कॅव्हेंडिश यांना मात्र त्यात चूक दिसली. पारा गोठताना आकसतो. तापमापकातील पाराच गोठला, तर तो खरा आकडा कसा दाखविणार?

त्यांनी काचेच्या नळीत पारा घेऊन त्यात लहान तापमापक बुडविला. नळीतील पारा पुरता गोठेपर्यंत त्याचे तापमान स्थिर राहते. म्हणून तोवर तापमापकातील पारा गोठत नाही. अशी उपकरणे त्यांनी उत्तर अमेरिकेतील हडसन उपसागराकाठी थॉमस हचिन्स यांच्याकडे पाठविली. १७८१-८२ च्या कडक हिवाळ्यात हचिन्स यांनी बर्फ व नत्राम्ल यांच्या मिश्रणात प्रयोग केले. पारा शून्याखाली सुमारे ३९ अंश फॅरनहाइटवर गोठतो, हे १७८३ साली कॅव्हेंडिश यांनी जगापुढे मांडले. आजच्या सूक्ष्म मापनाचा आकडा याहून केवळ एका अंशाने निराळा आहे.

२४ फेब्रुवारी १८१० रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले. साधनावर विसंबण्यापूर्वी साधनाचीच परीक्षा घ्यावी, हा धडा त्यांनी जगाला दिला.