इंदूरचे चित्रकार ना. श्री. बेंद्रे

इंदूरने देशाला काय दिलं हे सांगताना आपण कर्नल सी. के. नायडू आणि उस्ताद अमीर खाँ यांची नावं अभिमानाने घेतो. चित्रकारांचा विषय निघाला की मात्र हुसेन यांच्या नावावरच गाडी थांबते. त्या हुसेन यांना चित्रकलेची वाट मोकळी करून देणारा माणूस आपल्याच गावचा, मराठी घरातला होता. नारायण श्रीधर बेंद्रे हे त्यांचं नाव. नव्या पिढीला ते माहीत व्हावं म्हणून हा छोटा परिचय.

बेंद्रे यांचा जन्म २१ ऑगस्ट १९१० रोजी इंदूरला झाला. तेव्हा होळकरांचं राज्य होतं. मराठी घरांतली बहुतेक माणसं दरबारात, कचेरीत नाहीतर शाळेत नोकरीला असत. मुलाने पदवी घ्यावी आणि कायमची नोकरी धरावी, एवढीच अपेक्षा असे. चित्र काढणं हा सुट्टीतला छंद. आमच्या लहानपणीही यात फारसा फरक पडला नव्हता. चित्रकलेच्या परीक्षा आम्हीही दिल्या, पण पुढे बी.कॉम. होऊन बँकेत लागलो आणि रंगांची पेटी माळ्यावर गेली.

बेंद्रे यांचं नशीब असं की त्यांना दत्तात्रय दामोदर देवळालीकर हे गुरू लाभले. १९२७ साली इंदूरला चित्रकलेची शाळा सुरू झाली ती त्यांच्याच पुढाकाराने. डी. जे. जोशी, विष्णू चिंचाळकर गुरुजी, हुसेन ही सगळी मंडळी तिथेच घडली. चार भिंतींत बसून नमुन्याबरहुकूम चित्र काढण्यापेक्षा बाहेर पडून समोरचं दृश्य रंगवायचं, ही या शाळेची खासियत. ऊन सरकायच्या आत रंग लावायचे, बारीक रेघांत अडकायचं नाही, सावलीत काळ्याशिवाय आणखी कोणते रंग आहेत ते शोधायचं.

आणि रंगवण्यासारखं इथे काय कमी होतं? कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, खाली कान्ह नदी, पुलावरची ये-जा, राजवाड्यासमोरचा बाजार, टांगे, भाजीच्या टोपल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या बायका. आपण पिशवी घेऊन ज्या रस्त्याने जातो, त्याच रस्त्याला चित्राचा विषय मानायला या मुलांना शिकवलं गेलं. बेंद्रे यांची पुढची सारी वाटचाल पाहिली की वाटतं, हा धडा त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

हुसेन त्यांच्यापेक्षा वयाने लहान. त्यांचे वडील मालवा मिलमध्ये नोकरीला होते आणि मुलाच्या पोटापाण्याची काळजी त्यांनाही होतीच. मुलाची चित्रं पाहून बेंद्रे त्यांच्या वडिलांशी बोलले आणि मुलाला चित्रकार होऊ द्यावं म्हणून त्यांचं मन वळवलं. स्वतःचा जम बसायचा असताना दुसऱ्याच्या मुलासाठी शब्द टाकणं सोपं नव्हतं. ऐकणाऱ्या वडिलांचंही आम्हाला तितकंच कौतुक वाटतं.

बेंद्रे स्वतः १९३३ साली आग्रा विद्यापीठाचे बी.ए. झाले, आणि पाठोपाठ त्यांनी मुंबईची जी. डी. आर्टही मिळवली. म्हणजे घरच्यांना हवी ती पदवीही घेतली आणि स्वतःला हवी तीही. १९३६ पासून तीन वर्षं ते काश्मीरमध्ये पर्यटकांसाठीच्या सरकारी कार्यालयात चित्रकार म्हणून होते. १९४१ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. १९४५ मध्ये ते शांतिनिकेतनला राहिले. तिथे नंदलाल बोस आणि रामकिंकर बैज यांचा सहवास लाभला. १९४७-४८ मध्ये अमेरिकेला जाऊन आले, न्यूयॉर्कला प्रदर्शन केलं.

१९५० साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विभाग सुरू झाला आणि चित्रकलेची जबाबदारी बेंद्रे यांच्याकडे आली. ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र रंगवून दाखवत. पण सगळ्यांनी आपल्यासारखंच काढावं असा आग्रह नसे. म्हणूनच शांती दवे, ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख यांच्यासारखे एकमेकांपासून अगदी वेगळे कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९५५ साली 'काटा' या चित्राला ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अनवाणी चालणाऱ्याच्या पायात रुतणारा काटा, इतका साधा विषय! १९५९ मध्ये ते अधिष्ठाता झाले.

आणि १९६६ साली त्यांनी राजीनामा दिला. वय पंचावन्न, हातात मानाचं पद. आम्ही जन्मभर कर्जाच्या अर्जांवर जोखीम तपासत आलो. आमच्याकडे कुणी असा विचार घेऊन आला असता तर निवृत्तीपर्यंत थांबा, असंच आम्ही सांगितलं असतं. बेंद्रे थांबले नाहीत. मुंबईला आले आणि पूर्ण वेळ चित्रं काढू लागले.

त्यांची शेवटची पंचवीस वर्षं पाहिली की तो निर्णय समजतो. रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी शेजारी ठेवून त्यांनी गावाकडच्या बायका, झाडं, फुलं, बाजार रंगवले. जवळून नुसते ठिपके, जरा मागे सरकलं की उन्हात माणसं उभी. हे काम घाईचं नव्हे, कचेरी सांभाळून होणारंही नव्हे. १९६९ मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईत त्यांचं निधन झालं.

देवळालीकर गुरुजींच्या नावाची कला वीथिका आजही आपल्या शहरात आहे. सुट्टीत नातवंडांना घेऊन तिकडे जरूर जावं. आपल्या घरांत अजूनही वह्यांच्या मागच्या पानांवर चित्रं काढणारी मुलं आहेत. ती पानं पाहून आधी गणिताचे मार्क विचारू नयेत, एवढी विनंती.