देहूचे तुकोबाराय : डोंगर, रान आणि साधा संसार

जीर्णोद्धार समितीच्या मंडळींनी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहून देण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हणालो. प्रस्तुत लेखक एस.एस.सी.पर्यंत शिकलेला, तहसील कचेरीत टाचणे-टिपणे लिहिणारा कारकून. संतचरित्र लिहिण्याचा आपला अधिकार नव्हे. परंतु समितीतील वडीलधाऱ्यांनी आठवण करून दिली की, देवळाच्या कामाच्या पुस्तकात तुकोबारायांचे नाव नसेल तर ते पुस्तक अपुरे, कारण त्यांनीही पडके देऊळ स्वतः बांधून काढले होते. त्यापुढे बोलण्यासारखे काही उरले नाही. अल्पमतीप्रमाणे लिहीत आहे, चूकभूल पदरात घ्यावी.

मारुंजीहून उत्तरेला निघाले, पवना ओलांडली, की देहू काही लांब नाही. आमच्या लहानपणी बीजेला आजोबा आम्हा पोरांना पायी घेऊन जात. तेव्हा हिंजवडीला संगणकाचे कारखाने नव्हते. वाटेत ज्वारी-हरभऱ्याची शेते, बांधावर बाभळी आणि डाव्या हाताला घोराडेश्वराचा डोंगर. आजोबा त्या डोंगराकडे बघून हात जोडीत. तुकोबा तेथे बसत असत, एवढेच ते सांगत.

तुकोबारायांच्या जन्मसालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. बहुतेक ठिकाणी शके १५३०, म्हणजे इ. स. १६०८ हे साल धरतात. घराणे मोऱ्यांचे, आडनाव आंबिले. वडील बोल्होबा, आई कनकाई. थोरले बंधू सावजी, धाकटे कान्होबा. पूर्वज विश्वंभरबाबांपासून घरात पंढरीची वारी होती आणि देहूतील विठ्ठलाचे देऊळही त्यांचेच. घरी शेती, वाण्याचे दुकान, सावकारी आणि गावची महाजनकी. म्हणजे आजच्या भाषेत खाऊनपिऊन सुखी, चार माणसांत मान असलेले घर. तुकोबा जन्माचे दरिद्री होते अशी पुष्कळांची समजूत असते, ती खरी नाही. हे एवढ्यासाठी सांगितले की, ज्याच्याजवळ काही नव्हतेच त्याच्या साधेपणाचे कोणी कौतुक करीत नाही.

थोरल्या बंधूंचे मन संसारात नव्हते, त्यामुळे लहान वयातच प्रपंचाचा भार तुकोबांवर आला. पहिली पत्नी रखुमाबाई. दुसरी जिजाबाई, जिला आपण आवली म्हणून ओळखतो, ती पुण्याच्या गुळव्यांची लेक. मग आईवडील गेले. पुढे १६३० च्या सुमारास दख्खनेत मोठा दुष्काळ पडला. माणसे अन्नावाचून मेली, गुरे दावणीला मेली. तुकोबांची रखुमाबाई त्या दुष्काळात अन्न अन्न करीत गेली, मुलगा संतूही गेला. दुकान बुडाले, दिवाळे निघाले, गावात तोंड दाखवण्याची सोय राहिली नाही. तेव्हा त्यांचे वय जेमतेम एकवीस-बावीस असेल. आपल्याकडे त्या वयाची मुले अजून नोकरीच्या शोधात असतात.

अशा वेळी माणूस काय करतो? कोणी देशांतर करतो, कोणी दुप्पट व्याजाने पुन्हा उभा राहू पाहतो. तुकोबा डोंगरावर गेले. इंद्रायणीच्या पलीकडे भामचंद्राचा डोंगर आहे, तेथे पंधरा दिवस ते एकटे बसले असे सांगतात. धाकटे बंधू कान्होबा शोधत शोधत तेथे पोहोचले. दोघे भाऊ खाली आले आणि इंद्रायणीच्या काठी कर्जखतांची वाटणी झाली. कान्होबांनी आपला हिस्सा घेतला, तुकोबांनी आपल्या वाट्याची खते नदीत सोडून दिली.

आम्ही कचेरीतील माणसे कागदावर जगतो. सातबारा, फेरफार, खरेदीखत. एका कागदापायी सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झालेले मी रोज पाहतो, आणि जमिनींना भाव आल्यापासून तर फारच. म्हणून मला तुकोबांच्या चरित्रातला हाच प्रसंग सर्वांत मोठा वाटतो. कर्ज माफ झालेली ती कुळे कोण होती, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. दुष्काळातून वाचलेली आपल्यासारखीच कुणबी माणसे असणार. त्या दिवशी त्यांच्या घरी काय वाटले असेल!

यानंतर त्यांनी देऊळ हाती घेतले. विठ्ठलाचे ते मंदिर मोडकळीस आले होते. ते दुरुस्त करावे असे मनात आले, हे तुकोबांनी आपल्या अभंगात स्वतःच सांगून ठेवले आहे. जवळ पैसा नव्हता, देणगीदारांची यादी नव्हती. परंपरा सांगते की माती, दगड त्यांनी आपल्या हातांनी वाहिले. देऊळ उभे राहिले, एकादशीचे कीर्तन सुरू झाले. आरंभी ते दुसऱ्यांच्या मागे ध्रुपद धरीत. कवित्व त्यानंतरचे. हा क्रम समितीच्या मंडळींनी ध्यानात घेण्यासारखा आहे.

सकाळी देवाची पूजा करून ते डोंगर गाठीत. कधी भंडारा, कधी भामचंद्र, कधी आपला घोराडेश्वर, जेथे फार प्राचीन काळी कोरलेली लेणी आहेत. तेथील एकांतात ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथांचे ग्रंथ वाचीत, पाठ करीत. झाडे, वेली आणि रानातील जीव हेच आपले गणगोत, अंगावर एक गोधडी नि पाण्याला एक भांडे असले की भागले, अशा अर्थाचा त्यांचा अभंग शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. हल्ली वृक्षारोपणाच्या प्रत्येक फलकावर तो लिहिलेला असतो, मग खाली रोप असो वा नसो. परंतु वनखात्याने सांगितले म्हणून तुकोबांनी तो लिहिला नव्हता. ज्याची बायको उपाशी मेली आणि गावाने ज्याला नावे ठेवली, त्याला झाडांखाली जे बरे वाटले ते त्याने लिहिले. म्हणून तो जुना होत नाही.

त्यांच्या अभंगांत शेत किती आहे! पेरणी, बी, तण, खळे, राखण, पाण्याबाहेर तळमळणारा मासा, पुरात वाकून तग धरणारे नदीकाठचे गवत. वेदान्त सांगतानाही शब्द कुणब्याच्या घरचे. महिपतींनी आपल्या ग्रंथांत एक कथा दिली आहे. तुकोबांना शेताची राखण दिली, तर पाखरे हाकलण्याऐवजी त्यांनी ती खुशाल दाणे खाऊ दिली. शेताचा मालक चिडला, आणि त्याचे मला काही चुकले वाटत नाही. पण पाखरे आपल्याला भिऊन उडतात याचे ज्याला वाईट वाटते, असा राखणदार पुन्हा झाला नाही.

येथे जिजाबाईंविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. कीर्तनात आवलीला तोंडाळ म्हणून हसण्याची पद्धत आहे. परंतु नवरा डोंगरावर, घरात लेकरे, कणगीत दाणा नाही, आणि तरीही भाकरी बांधून ही बाई भंडारा चढत असे. त्याला जेवू घातल्याशिवाय ती जेवत नसे असे सांगतात. पायात काटा मोडल्याची कथा तिचीच. साध्या राहणीचा निम्मा भार घरच्या बाईवर पडतो, हे पुरुषमंडळींनी कबूल करावे.

पुढची हकीगत सर्वांस माहीत आहे. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, वह्या इंद्रायणीत बुडविणे, तेरा दिवसांचे उपोषण आणि वह्यांचे वर येणे. कोणी तो चमत्कार मानतात, कोणी म्हणतात की लोकांच्या मुखी असलेली गाथा बुडणार कशी. माझ्यापुरते एवढेच की, स्वतः बुडविलेली खते त्यांनी पुन्हा मागितली नाहीत, आणि दुसऱ्यांनी बुडवायला लावलेले अभंग मात्र परत आले. ते उतरून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, त्यांची समाधी सुदुंबऱ्यास आहे. शिवाजीमहाराजांनी पाठविलेला नजराणाही तुकोबांनी परत केला असे परंपरा सांगते. फाल्गुन वद्य द्वितीयेला, इ. स. १६५० मध्ये, ते गेले. धाकटा मुलगा नारायण तेव्हा आईच्या पोटात होता. त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला.

साडेचार हजारांच्या आसपास अभंगांची गाथा मुंबई सरकारने छापविली, तिचे दोन भाग १८६९ व १८७३ साली निघाले. महात्मा गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात काही अभंगांचे भाषांतर केले. प्रभातच्या बोलपटाने १९३६ साली तुकोबांना गावोगाव पोहोचविले. अमेरिकेत थोरो नावाचे एक गृहस्थ १८४५ साली तळ्याकाठी झोपडी बांधून दोन वर्षे साधेपणाने राहिले व त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले, ते जगभर वाचतात असे आमच्या गुरुजींनी सांगितले होते. आपल्या भंडाऱ्यावर हे दोनशे वर्षे आधी घडून गेले होते.

आणि हे केवळ पुस्तकात राहिले नाही. २००८ साली भामचंद्राजवळ शिंदे-वासुली येथे एका परदेशी रसायन कंपनीचे केंद्र व्हायचे होते. वारकरी व गावकरी आडवे उभे राहिले आणि ते केंद्र तेथे झाले नाही. कारखान्यांच्या पट्ट्यात राहून, त्यांच्याच पगारावर घरे चालवून, लोकांनी एका डोंगरासाठी हे केले.

आपल्या समितीच्या बैठकीतही देवळामागचा जुना लिंब सभामंडपाच्या आड येतो, तो काढावा असा विषय निघाला होता. दोन बैठका त्यावरच गेल्या. इंजिनियर काढा म्हणत होते, म्हातारी मंडळी ऐकेनात. शेवटी मंडप तीन फूट अलीकडे घेतला. लिंबाला पार बांधण्याचा खर्च एका माहेरवाशिणीने दिला आहे, नाव छापू नये अशी तिची अट आहे. काम सुरू आहे.