कमळाच्या पानावरची शकुंतला

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले आणि कालिदासाची शकुंतला मराठी पदे गाऊ लागली. त्याआधी चारच वर्षे, १८७६ मध्ये, तीच शकुंतला मद्रासच्या प्रदर्शनात भाव खाऊन गेली होती. गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते चित्र विकत घेतले. चित्रकार होते राजा रविवर्मा.

रविवर्मा १८४८ मध्ये केरळातील किळिमानूरला जन्मले. चित्रशाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मामांनी तंजावर पद्धतीचे धडे दिले, तेवढेच. तैलरंगाचे तंत्र त्रिवेंद्रमच्या दरबारी चित्रकाराने, रामस्वामी नायडूंनी, शिकवायचे नाकारले. थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराने मुभा दिली ती फक्त बघत उभे राहण्याची. बाकीचे त्यांनी आपले आपण मिळवले.

काव्य मात्र घरातच नांदत होते. वडील संस्कृतचे विद्वान, आई उमांबा कवयित्री. तिचे ‘पार्वती स्वयंवरम्’ तिच्या पश्चात मुलानेच प्रसिद्ध केले. मला तर वाटते, रविवर्म्यांचा खरा गुरू हे घरातले काव्यच.

मद्रासचे ते चित्र आठवा. शकुंतला कमळाच्या पानावर दुष्यंताला पत्र लिहिते आहे. म्हणजे चित्राचा विषयच मुळी कविता सुचण्याचा क्षण! दुसऱ्या एका चित्रात ती पायातला काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहते. दुष्यंत चौकटीत कुठेच नाही. तो उभा असायला हवा तिथे आपण उभे असतो. शब्दांनी जे सुचवायचे, ते चित्रात न दाखवूनही सुचवता येते, हे त्यांना कालिदासाने शिकवले असावे. त्यांच्या चित्रांना नाटकी म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही रिकामी जागा जरूर पाहावी.

१८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पहिले छापील चित्र निघाले तेही शकुंतलेच्या जन्माचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला आला, कर्जात रुतला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. १९०६ मध्ये रविवर्मा वारले, तरी चित्रे छापली जातच राहिली आणि घरोघरच्या भिंतींवर चढली.

त्यातली हंसाशी बोलणारी दमयंती घ्या. ज्यांना रघुनाथपंडितांचे ‘नलदमयंती स्वयंवराख्यान’ तोंडपाठ होते, अशा आज्यांना त्या चित्रातला हंस बोलताना ऐकू येत असणार. आख्यान पाठ असणारी ती पिढी गेली आणि हंस मुका झाला. उलट माझे असे होते, की आख्यान वाचायला घेतले की डोळ्यांपुढे रविवर्म्यांचीच दमयंती येऊन उभी राहते. नऊवारीतली, ठसठशीत. दुसरी कल्पून पाहावी म्हटले, तरी ती काही हलत नाही.

मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत जळाला. पुणे-लोणावळा लोकल आजही त्या स्टेशनावर थांबते.